शस्त्रक्रियेपूर्वी सहरुग्णाची भेट

स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागेल, असे सांगताना शल्यविशारदाच्या मनात गाठीचा विस्तार, मानेतील लसिकाग्रंथी आणि रोगमुक्तीची शक्यता यांचा विचार असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र निराळेच प्रश्न उभे राहतात. नातवाला हाक कशी मारणार? आंघोळ कशी करणार? चारचौघांत पंक्तीला बसता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे आपणा डॉक्टरांना ठाऊक असतात. परंतु ज्याच्या स्वतःच्या मानेवर ते श्वासरंध्र आहे, अशा माणसाने दिलेल्या उत्तराचे वजन त्यांना येत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे येथे अक्षरशः खरे आहे.

कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी १८७३च्या अखेरीस प्रथम केली. तीनंतर श्वासमार्ग व अन्नमार्ग कायमचे विलग होतात. श्वास मानेवरील रंध्रातून चालतो, नैसर्गिक आवाज जातो, वासाची जाणीव मंदावते. मात्र बोलण्याचे मार्ग उरतात : अन्ननलिकेतून काढलेला आवाज, मानेला लावायचे विजेरीवरील कंपनयंत्र, आणि १९८० मध्ये ब्लॉम व सिंगर यांनी मांडलेली श्वासनलिका-अन्ननलिकेतील झडप. हे सारे कागदावर आकृती काढून समजावता येते. पण समोर बसलेला गृहस्थ रंध्रावर अंगठा ठेवून "या, बसा" म्हणतो, तेव्हा त्या आकृतीत प्राण येतो.

अशा भेटींची परंपरा जुनी आहे. टेरेसी लॅसर यांनी स्वतःच्या स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर न्यूयॉर्कमध्ये १९५२च्या सुमारास रुग्ण स्त्रियांना भेटण्यास आरंभ केला. त्याच वर्षी अमेरिकेत स्वरयंत्र गमावलेल्यांची संघटना स्थापन झाली. मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाने कृत्रिम मलमार्ग असलेल्यांसाठी असेच कार्य केले आहे.

याला अभ्यासाचाही आधार आहे. कुलिक आणि माहलर यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खोलीत शस्त्रक्रिया पार पडलेला रुग्ण होता, त्यांची पूर्वचिंता कमी होती. ते पुढे अधिक हिंडूफिरू लागले व लवकर घरी गेले. अभ्यास लहान होता, रोगही वेगळा. तरीही भय ओसरण्याचे कारण त्यातून उमगते. पैलतीरी पोहोचलेला माणूस दिसला की पलीकडे तीर आहे याची खात्री पटते.

मात्र अशी भेट विचारपूर्वक घडवावी. येणाऱ्याची शस्त्रक्रिया त्याच प्रकारची असावी. वय व परिस्थिती शक्यतो मिळतीजुळती असावी. तो स्वतः सावरलेला असावा. त्याने औषधोपचाराचा सल्ला देऊ नये, आयुष्याची हमी देऊ नये, आणि आपला अनुभव हाच सर्वांचा अनुभव असे भासवू नये. आरंभीचे कठीण दिवस त्याने लपवू नयेत, कारण खोटा दिलासा पहिल्याच ड्रेसिंगच्या वेळी उघडा पडतो. भेट ही संमती मिळवण्याची युक्ती नव्हे. ज्याला ती नको असेल, त्याला आग्रह करू नये. पत्नीला किंवा पतीला मात्र स्वतंत्र बोलण्याची संधी अवश्य द्यावी. रंध्राची स्वच्छता आणि रात्रीचा खोकला यांविषयीचे प्रश्न बहुधा त्यांचेच असतात.

आपल्या सीमाभागात भाषेचा विचारही अगत्याचा आहे. मराठी घरातील वृद्धेला मराठीतून आणि कन्नड घरातील शेतकऱ्याला कन्नडमधूनच धीर मिळतो. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीच खुणा व चित्रे ठरवून ठेवावीत. पाटी-पेन्सिल त्याच्या कामाची नाही.

हे काम खर्चाचे नाही. आपापल्या जुन्या रुग्णांपैकी सावरलेल्यांना विचारावे, त्यांच्या संमतीने नावांची यादी करावी आणि ती गोपनीय ठेवून शल्यविशारदांनी परस्परांस उपयोगी पडू द्यावी. त्यांपैकी पुष्कळ जण आनंदाने येतील. आवाज गमावलेल्या माणसालाही दुसऱ्याला देण्यासारखे काही उरते, हे त्यालाही त्या दिवशी कळेल.