अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्या सुमारास नात्यागोत्यात, सोसायटीत एकच चौकशी चालली होती, ‘तुमचं अकरा झालं का?’ आणि प्रत्येकाला काळजी एकच, आपलं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसतं की नाही. खरं तर या प्रश्नाचं उत्तर मिळवणं सगळ्यात सोपं आहे. घरचं मशीन अपग्रेड करताना आमचा जीव टांगणीला लागला तो वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि त्याबद्दल आम्हाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

सोपं आधी उरकते. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप चालवलं की मशीन पात्र आहे की नाही ते कळतं. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूटची सोय आणि यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम नाही असं दिसलं तरी लगेच नवा संगणक घ्यायला धावू नका. पुष्कळ मशीनमध्ये ती सोय असते, फक्त बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर ती पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने.

मात्र बायोसला हात लावण्याआधी पुढचं वाचा.

आमचा लॅपटॉप पात्र होता. तंत्रज्ञाने तयारी म्हणून आधी बायोस अपडेट केलं, आणि तसं करणं योग्यच असतं. मशीन पुन्हा सुरू झालं ते निळा पडदा घेऊन. पडद्यावर बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची रिकव्हरी की मागितली होती: ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. पासवर्ड विचारलाच नव्हता, पिनही नाही. घरात ही की कुणी कधी पाहिलेली नव्हती, कारण आम्ही कुणी बिटलॉकर चालू केलंच नव्हतं. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगइन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ती उघडायची जबाबदारी टीपीएमवर असते, आणि बायोस बदललं की टीपीएमला मशीन ओळखीचं वाटत नाही. चोरापासून माहिती वाचवणारी ही व्यवस्था चांगलीच आहे. पण किल्ली कुठे ठेवली आहे ते घरच्यांना माहीत पाहिजे.

त्या लॅपटॉपवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टाइप केलेली घराण्याची वंशावळ आणि त्यांच्या आठवणी होत्या. अण्णा आता नाहीत. ‘त्याची कॉपी डी ड्राइव्हवर आहे ना?’ असं सगळ्यांनी विचारलं. होती. लॅपटॉप घेताना दुकानदाराने सी आणि डी असे भाग करून ‘महत्त्वाचं डीवर ठेवा’ असं सांगितलं होतं, आणि घरोघरी असंच सांगतात. विंडोज बिघडून सी फॉरमॅट करावा लागला तर हा सल्ला उपयोगी पडतो. पण सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग. डिस्क मेली तर दोन्ही जातात, आणि कुलूप लागलं तर दोन्हींना लागतं. डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घरात लावावंसं वाटतं.

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, लॅपटॉप पहिल्यांदा मीच सुरू करून दिला होता. की माझ्या कॉलेजच्या वेळच्या खात्यात असेल.” अंदाज बरोबर होता, पण त्या खात्याचा ओटीपी जायचा तिच्या बंद झालेल्या सिमवर. दुसरा ईमेल पत्ता त्या खात्याला जोडलेला होता म्हणून दार उघडलं. तो नसता तर अण्णांचं लेखन गेलंच असतं. की नसेल तर अशी डिस्क कंपनीलाही उघडता येत नाही.

तेव्हा बाकी काही करण्याआधी ही किल्ली शोधा. ज्याच्या खात्याने मशीन पहिल्यांदा सुरू झालं, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ‘डिव्हाइसेस’खाली ती सापडते. एकापेक्षा जास्त दिसल्या तर निळ्या पडद्यावरचा की-आयडी जुळवून बघायचा. ती कागदावर लिहा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा. त्याच लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. त्या खात्याचा फोन नंबर चालू आहे ना, तेही तपासा. बायोसचं काम करायचं असेल तेव्हा प्रो आवृत्तीत बिटलॉकर ‘सस्पेंड’ करता येतं, होम आवृत्तीत सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करता येतं.

किल्ली मिळाल्यावर एक बाहेरची हार्ड डिस्क आणून सगळं तीवर उतरवलं आणि भाचीच्या संगणकावर लावून पाहिलं. फोटो उघडले. अण्णांची फाइलही उघडली, पण पडद्यावर मराठी नव्हतंच. रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा नुसता गोंधळ. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग ज्या फॉन्टमध्ये चालायचं, त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. शिवाजी, कृतिदेव असे फॉन्ट वापरलेल्यांना हे ठाऊक असेल. फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरंच असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की मजकूर असून वाचता येत नाही.

नुसतं अपग्रेड केलं तर बसवलेले फॉन्ट सहसा टिकतात. काही अडलं आणि ‘सगळं पुसून नव्याने टाकू’ अशी वेळ आली की ते जातात. म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून हे जुने फॉन्ट कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मोलाच्या मजकुराची, फॉन्ट आत समाविष्ट होईल अशी पीडीएफ आजच काढा, ती कुठेही नीट दिसेल. मग सवडीने कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणा आणि डोळ्यांनी तपासा, कारण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतात. आम्ही अण्णांचं पान न् पान त्या पीडीएफशी ताडून पाहिलं. मराठी घरांसाठी या सगळ्या तयारीतलं सर्वांत महत्त्वाचं काम मी यालाच म्हणेन.

बाकीचं थोडक्यात. प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन यांचे विंडोज ११ साठीचे ड्रायव्हर मिळतात का ते आधी पाहा. घरी कुणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल तर त्याचा डेटा फोल्डर वेगळा उतरवून घ्या. रिटर्न भरायची तारीख जवळ असेल तर अपग्रेड पुढे ढकला. काम लॅपटॉप चार्जरला लावूनच करा. झाल्यावर नवी व्यवस्था पटली नाही तर १० दिवसांत जुन्यावर परतता येतं, तेवढ्यात जागा मोकळी करायच्या नादात ‘विंडोज.ओल्ड’ हा जुन्या विंडोजचा फोल्डर पुसू नका.

मशीन पात्र नसेल, तर नियमांना वळसा घालून अकरा बसवून देणारे भेटतील. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर तसं करू नका. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरगुती वापरासाठी विंडोज १० ची सुरक्षा अपडेट नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय कंपनीने ठेवली, तिचा उपयोग करून घ्या आणि तेवढ्या वेळात नव्या मशीनची तजवीज करा.

अपग्रेड आज केलं नाही तरी चालेल. पण ती ४८ आकड्यांची की कुणाच्या खात्यात आहे, हे आज रात्री जेवताना घरात विचारा.