माकडताप आणि रानाची कड



उन्हाळ्याच्या सुटीत मी सावंतवाडीच्या बाजूस सोयऱ्यांकडे गेलो होतो. काजूचा हंगाम भरात होता. सायंकाळी ओटीवर शेजारचे एक बागाईतदार येऊन बसले व माकडतापाची गोष्ट निघाली. ते मजकडे वळून म्हणाले, "मास्तर, माकडां मारून टाकली की तापय जातलो मां?" त्यांच्या वाडीतील एक कर्ता पुरुष या तापाने दगावला होता, हे मला मागाहून कळले. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर फारच तुटक होते. ते येथे नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

या रोगाचा शोध १९५७ साली लागला. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात वानरे व माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास भोवतालच्या खेड्यांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला. दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे अशीच मरतात. तो ज्वर हिंदुस्थानात शिरला की काय, अशी धास्ती उत्पन्न झाली. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तातडीने तेथे गेले. त्यांना पीतज्वर आढळला नाही. आढळला तो एक नवाच विषाणू, आणि त्याचे नातलग होते दूर रशियाच्या अरण्यांत! तो पसरविणारा प्राणी डास नसून गोचीड आहे, हेही लवकरच उघड झाले. ज्या रानात तो प्रथम सापडला त्याचेच नाव रोगास मिळाले. आपल्याकडे मात्र लोक त्यास माकडताप म्हणतात.

आता या गोचिडीचे आयुष्य पाहा, कारण सारे मर्म तेथे आहे. ती आपल्या जन्मात तीन वेळा रक्त पिते, व बहुधा दर वेळी निराळ्या प्राण्याचे. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू पावसाळा संपताना उंदीर, चिचुंद्री, पक्षी किंवा माकड यांस चिकटते. पोट भरले की ते गळून पडते, कात टाकते व आठ पायांचे होते. हे दुसऱ्या अवस्थेतील पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असून मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत पाचोळ्यात दबा धरून असते. माणसास चावते ते मुख्यतः हेच. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गवा, सांबर अशा मोठ्या जनावरांवर चढते आणि मग जमिनीवर शेकडो अंडी घालते. माणूस या साखळीत कोठेच नाही. तो केवळ वाटेत येतो. त्याच्यापासून दुसऱ्या माणसास हा रोग होत नाही.

मग ही साखळी रानात पूर्वीपासून असेल तर ती १९५७ सालीच का भोवली? या प्रश्नाचा विचार डॉ. होर्हे बोशेल या शास्त्रज्ञांनी केला. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचे. तेथे उंच वृक्ष तोडला की त्याच्या शेंड्यावर राहणारे डास खाली येऊन लाकूडतोड्यांना चावतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. क्यासनूरच्या परिसरात त्यांना वेगळी, पण त्याच जातीची गोष्ट दिसली. वस्ती वाढली, तशी भातासाठी रानाची कड तोडली गेली. तोडलेल्या जागी घाणेरीची जाळी माजली. तिच्या आश्रयाला उंदीर-चिचुंद्र्या आल्या. आणि त्याच कडेस गावची गुरे चरू लागली. गुरांना हा ताप येत नाही. परंतु मोठ्या गोचिडीला गवा व गाय यांत काय फरक? घनदाट रानात गव्यांचा एखादाच कळप फिरावयाचा, येथे रोज शेकडो गुरे आपण होऊन चालत येत. गोचिडींची वीण वाढली ती अशी. मला स्वतःला हा भाग वाचताना गुराख्याच्या पोराची आठवण होते. बिचाऱ्याने दिवसभर गुरे राखावयाची, आणि गोचिडींची पंगतही नकळत त्यानेच वाढावयाची!

पुढे दक्षिण कन्नड जिल्ह्यात बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी रान साफ करण्यात आले, त्या पाठोपाठ १९८२-८३ साली मोठी साथ आली व सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हा ताप पोहोचला. एकट्या दोडामार्गात त्या वर्षी शंभराहून अधिक रुग्ण निघाले. त्यांत काजू वेचणारे, सरपण आणणारे, पातेरा गोळा करणारे लोक पुष्कळ होते. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम एकच, हे ध्यानात घ्यावे.

बागाईतदारांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. माकडाच्या रक्तात विषाणू फोफावतो, हे खरे. पण माकडाला तो गोचिडीकडूनच मिळतो, आणि पुष्कळदा आपल्याआधी तेच त्याने मरते. माकड मारले तरी उंदीर राहतात, गोचिडी राहतात. उलट माकडाचा देह थंड पडू लागताच त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून खालच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणून मेलेल्या माकडाची जागा फार धोक्याची. ताप गावात शिरण्यापूर्वी रानात माकड मरून पडते, ही सूचना आपल्याला फुकट मिळते. माकडेच उरली नाहीत, तर ती कोण देणार? वानरे नारळ-केळींची नासाडी करतात, हे मी नाकारीत नाही. ते दुःख खरे आहे, पण तो हिशेब निराळा.

मेलेले माकड दिसल्यास त्यास हात न लावता, जवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे. रानात जाताना अंगभर कपडे व पायांत बूट असावेत, उघड्या अंगास किडे दूर ठेवणारे तेल लावावे, पाचोळ्यावर बसू नये. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून अंग नीट पाहावे, विशेषतः काखा व गुडघ्यांमागील भाग. एकाएकी भरून आलेला ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अशी लक्षणे दिसल्यास दिवस मोडू नये व डॉक्टरांस आपण रानात गेलो होतो हे आवर्जून सांगावे. काही रोग्यांत ताप उतरून आठपंधरा दिवसांनी पुन्हा उलटतो, तेव्हा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. या विषाणूवर खास असे औषध नाही. जुनी लस पुरेशी गुणकारी नाही असे दिसून आल्यावर २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला.

हे सारे मी त्या बागाईतदारांना पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले ते दोन ओळींचे: बागेच्या कडेची घाणेरी काढावयास माणसे लावली आहेत, पण गुरे कोठे चारावी ते मास्तरांनी सांगावे. त्यास काय लिहावे, याचा मी अद्याप विचार करीत आहे.