साठीनंतरची चाल : कुठे खर्च करावा, कुठे नाही

चालण्याचा योग्य वेग ठरवायला पैसे लागत नाहीत. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यं बोलता यावीत, पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागावा, तो वेग तुमचा. मिनिटाला शंभरेक पावलं पडत असतील तर चांगला व्यायाम होतोय. सत्तरीत ऐंशी पावलांनाच धाप लागत असेल तर तूर्त ऐंशीच ठेवा.

सुरुवातीला अंगणात टेपने दहा मीटर मोजून दोन खुणा करा. पहिल्या खुणेच्या चार पावलं आधीपासून नेहमीच्या चालीने निघा आणि नातवाला खूण ते खूण वेळ मोजायला सांगा. दहा सेकंदांच्या आत पोचलात तर उत्तम. साडेबाराच्या वर गेलात तर पायांतली ताकद घटलेली असू शकते. वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

बीपी आणि शुगर तर सगळ्यांनीच तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावहून गोंदियाला यायचं झालं तर 65 ते 75 वयाला एसटीचं अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर तेही नाही. वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवा.

पैसे टाकायचेच तर बुटांवर टाका. साधारण आठशे ते दीड हजारात चांगला जोड मिळतो. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, तेव्हाच घालून पाहा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रबरी स्लीपरवर जोरात चालणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. हातातल्या स्मार्ट घड्याळाची गरज नाही. बीपीसाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडी मुळातच कमी वाढते, त्यामुळे घड्याळातला आकडा फसवतो. घरी ट्रेडमिल आणण्याचे वीस-तीस हजार तर वाचवाच.

काठी, वॉकर किंवा गुडघ्याचा पट्टा लागत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजना पाहा. 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी त्यात एकदाच 3000 रुपये थेट खात्यात येतात.

‘जन्मभर बांध्यांत राबलो, आता आणखी काय चालायचं?’ धानाच्या या पट्ट्यात हे हमखास ऐकू येतं. त्या कष्टांचा मान आहेच. पण केलेली मेहनत शरीरात साठून राहत नाही. रोवणी सुटली की काही महिन्यांतच मांड्या सैल पडतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते. ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केली तरी चालतात. ज्यांना सलग जोर झेपत नाही त्यांनी जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाची रीत धरावी : तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश, पुन्हा तसंच.

उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात, सूर्य वर यायच्या आत घरी परता. डिसेंबरच्या धुक्यात मात्र उन्हं आल्यावरच निघा. मामा तलावाची पाळ चालायला सुरेख, पण पावसाळ्यात ती निसरडी होते. तेव्हा शाळेचं पटांगण किंवा घराचा ओटा बरा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि 108 ला फोन लावा; ती रुग्णवाहिका मोफत आहे.