सामानाजवळ राहिलेले

शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय ३०

युद्धाचा इतिहास शिकवताना आपण सेनापतींची नावे व लढायांच्या तारखा मुलांकडून पाठ करून घेतो. परंतु घरातला एक जण रणांगणावर जातो तेव्हा चार-सहा माणसे मागे राहतात. त्यांचे दिवस कसे जातात याविषयी आपण क्वचितच बोलतो. या पाठात आपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील (१९३९ ते १९४५) आपल्याच देशातील घरांकडे पाहू.

१. पत्राची वाट

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. येथील पुढाऱ्यांना त्याने विचारलेही नाही. सक्तीची भरती नव्हती; तरी युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख माणसे सैन्यात गेली. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याची चाल म्हणून गेले. बेळगाव हे मराठा पलटणीचे केंद्र. तिचे जवान १९४१ साली एरिट्रियातील केरेन येथे व पुढे इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या युद्धात हिंदी सैन्यातील सुमारे ८७,००० माणसे कामी आली. तितक्याच घरी ती बातमी पोहोचली.

घरी पत्र आले तरी पुष्कळ बायकांना वाचता येत नसे. मग मास्तरांकडे किंवा पोस्टमनकडे जावे लागे. नवऱ्याचे शब्द परक्याच्या तोंडून ऐकायचे, आणि तेही सेन्सॉरने आधी वाचलेले! जवानांच्या पत्रांवरील सेन्सॉरचे अहवाल आज उपलब्ध आहेत. घरी धान्य मिळते का, महागाईत मुलांचे कसे भागते, ही काळजी त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. म्हणजे तोफांच्या समोर उभा असलेला माणूस घरच्या चुलीची चिंता करीत होता.

त्याच वेळी, ऑगस्ट १९४२ पासून, ‘छोडो भारत’ चळवळीत हजारो लोक तुरुंगात गेले. कोणाच्या घरचा माणूस आघाडीवर, तर कोणाच्या घरचा कोठडीत. दोन्ही घरी बाई एकटीच संसार ओढीत होती.

२. भोकाचा पैसा

तांब्याची टंचाई पडल्यामुळे सरकारने १९४३ पासून मध्ये मोठे भोक असलेला पैसा काढला. मुले तो दोऱ्यात ओवीत. चौसष्ट पैशांचा रुपया तोच राहिला. पण त्या रुपयात पूर्वीइतके धान्य येईना. पैशाच्या भोकातून जणू घरची भाकरीच गळून जात होती. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. कार्ड, रांग आणि मोजून मिळणारे धान्य हा रोजचा क्रम झाला. रांगेत उभे राहणे कोणास आवडत नाही. परंतु श्रीमंताला व गरिबाला एकाच मापाने धान्य मिळावे हाच तिचा हेतू होता.

जेथे हे माप वेळीच लागले नाही तेथे काय झाले ते बंगालने पाहिले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले व ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. सैन्यासाठी खरेदी, साठेबाजी व सरकारी हलगर्जीपणा यांनी भाव आकाशाला भिडले. १९४३ च्या दुष्काळात भूक व रोगराई यांनी सुमारे ३० लाख माणसे मेली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवून दिले की धान्य अगदीच नव्हते असे नाही. मजूर, कोळी व कारागीर यांना ते विकत घेणे अशक्य झाले होते. दुकानात तांदूळ आणि दारात उपाशी माणूस, असे ते दृश्य होते.

३. मागे राहणे सुरक्षित नसते

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्यात कापूस होता व दारूगोळाही होता. दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवणाऱ्या दलाचे ६६ जण तेथे मृत्यू पावले. त्यांच्या आठवणीसाठी आजही १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्यांच्या हाती बंदूक नव्हती.

४. दाविदाचा नियम

आता आपला शास्त्रभाग पाहू. दावीद व त्याची माणसे परतली तो सिकलाग जळालेले, बायकामुले धरून नेलेली. सहाशे जण पाठलागास निघाले. दोनशे थकून बसोर ओहोळाजवळ सामानापाशी राहिले. विजयानंतर काहींनी त्यांना लुटीचा वाटा नाकारला. दाविदाने ते मानले नाही. लढणाऱ्याला व सामान राखणाऱ्याला सारखाच वाटा, असा त्याने नियमच घातला.

परंतु त्याच अध्यायातील आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. वाटेत त्यांना एक मिसरी दास सापडला. आजारी पडला म्हणून त्याच्या धन्याने त्याला टाकून दिले होते. तीन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हते. स्वतःची मुले शत्रूच्या हाती असताना, घाई असताना, त्या माणसांनी थांबून एका परक्याला आधी भाकर व पाणी दिले. प्रश्न मागाहून विचारले.

युद्धकाळात प्रत्येक घर ‘आधी आपले’ म्हणते, आणि त्यात नवल नाही. आपणही तेथे असतो तर कणगी भरूनच ठेवली असती. म्हणूनच दारातल्या उपाशी माणसाचा वाटा कणगी भरण्याआधी काढावा लागतो. नंतर तो निघत नाही.

शिक्षकांसाठी

मंडळीतील कोणाकडे भोकाचा पैसा असल्यास वर्गात आणून मुलांच्या हाती द्यावा. एखाद्या वृद्ध आजीआजोबांना बोलावून टंचाईच्या दिवसांविषयी दोन शब्द सांगावयास विनंती करावी.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत ‘सामानाजवळ राहिलेले’ कोण आहेत? त्यांचा वाटा आपण देतो काय?
२. रेशनच्या रांगेत न्याय कोणता होता?
३. ज्याला धन्याने टाकले असा माणूस आज आपल्या वाटेवर कोठे आहे?