सीएनसीवर कॅबिनेट कापून घ्यायचंय? फाइल पाठवण्याआधी हे वाचा

मॉड्युलर फर्निचरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सारखा येतो : "सर, मशीन घ्यायला भांडवल नाही, पण ऑर्डर आहे. काय करू?" मशीन घेऊच नका. डिझाइन तुमचं, कटिंग सीएनसी शॉपमध्ये, जोडणी तुमच्या मिस्त्रीकडून. धंदा असाही सुरू होतो. फक्त एक लक्षात घ्या, तुम्ही पाठवलेली फाइल हीच तुमची ऑर्डर असते. मिस्त्री ड्रॉइंगमधली चूक बघून जागेवर रंधा मारून घेतो. मशीन तसं करत नाही. जे काढलंय तेच कापतं, आणि कापलेला शीट तुमच्या खात्यावर पडतो.

सगळ्यात महाग चूक जाडीची. दुकानदार १८ एमएम म्हणतो म्हणून आपण ड्रॉइंगमध्ये १८ टाकतो. पण त्या प्लायवर दोन्ही बाजूंनी ०.८ एमएमचा लाइनर लागला की फळी झाली १९.६. आता ६०० एमएम रुंदीचा बॉक्स घ्या. दोन उभ्या बाजू आणि मध्ये बसणारा तळ. १८ धरून तुम्ही तळ काढला ६०० वजा ३६, म्हणजे ५६४. प्रत्यक्षात बॉक्स भरला ५६४ अधिक ३९.२, म्हणजे ६०३.२. एका बॉक्सला हे दिसतही नाही. पण ओट्याखाली असे पाच बॉक्स ओळीत लावले की ३००० च्या जागी ३०१६. मिस्त्रीच्या भाषेत पाच सूत जास्त! भिंतीपासून भिंतीपर्यंत जागा ३०१० असेल तर शेवटचा बॉक्स बसणारच नाही. मग साइटवर कापाकापी, एज बँड उखडणार, आणि गिऱ्हाईक समोर उभं.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी माल ठरवा, लॅमिनेट दाबून झालेला तुकडा व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजा, आणि मगच ड्रॉइंग काढा. मागच्या पातळ फळीची खाचसुद्धा अशीच. ६ एमएमची फळी खरोखर किती जाड आहे ते मोजून खाच किंचित सैल ठेवा, नाहीतर ती ठोकावी लागते.

दुसरा घोळ एज बँडचा. तुम्ही दिलेलं माप तयार मालाचं की कटिंगचं? हे शॉपला विचारा आणि फाइलसोबत लिहून द्या. शटर तयार होऊन ५९७ बाय ७१७ हवं असेल आणि चारही बाजूंना २ एमएमची पट्टी असेल, तर कटिंग माप ५९३ बाय ७१३. काही शॉप हे स्वतः वजा करतात, काही नाही. दोघांनीही वजा केलं तर शटर लहान, कोणीच नाही केलं तर शटर एकमेकांना घासणार. शिवाय काही एज बँडिंग मशीन पट्टी लावण्याआधी कड थोडी छिलून घेतात, तेही विचारून ठेवा.

आता फाइल. बहुतेक शॉप डीएक्सएफ मागतात. स्केचअपमधलं देखणं थ्रीडी चित्र गिऱ्हाइकाला दाखवायला ठीक, मशीनला प्रत्येक फळी सपाट, वरून दिसते तशी हवी. माप एकास एक आणि एमएममध्ये. फाइल इंचात उघडली गेली तर सगळं २५.४ पट चुकतं, म्हणून कोपऱ्यात वेगळ्या लेयरवर १०० बाय १०० चा चौकोन काढून ठेवा, ऑपरेटरला लगेच कळतं. प्रत्येक आकाराची रेषा बंद हवी, एकावर एक दोन रेषा नकोत (मशीन तिथे दोनदा फिरतं). आरपार कट, खाच, ५ एमएमची भोकं, ३५ एमएमची हिंजची भोकं, सगळ्यांना वेगळे लेयर, आणि नावातच खोली लिहा. मापांचे आकडे कटच्या लेयरवर ठेवू नका.

डावी आणि उजवी

इथे नवखे हमखास अडकतात. डावी बाजू काढली, कॉपी केली, उजवी झाली असं वाटतं. पण भोकं आणि खाच फळीच्या एकाच अंगाला असतात आणि राउटर वरूनच काम करतो. उजवी बाजू ही डावीचं आरशातलं रूप हवी. कॉपी केली तर दोन डाव्या बाजू मिळतात. कॉपी नाही, मिरर. आणि प्रत्येक फळीवर 'आतली बाजू वर' असं लिहून द्या.

हिंजची प्लेट बाजूच्या पुढच्या कडेपासून साधारण ३७ एमएमवर, तिच्या दोन स्क्रूंमध्ये ३२ एमएम. हे ३७ तयार कडेपासून असतात. २ एमएमची पट्टी लागणार असेल तर कटिंग फळीवर ३५. शटरवरच्या भोकाचं अंतर मात्र तुम्ही घेतलेल्या हिंजच्या कॅटलॉगमधूनच घ्या. हार्डवेअर ठरलं नसेल तर भोकं पाडून घेऊच नका.

शीटवर तुकडे बसवण्याचं काम शॉपवर सोडा, पण रेषा असलेलं लॅमिनेट असेल तर प्रत्येक फळीवर बाण काढून दिशा दाखवा. शीट मोजताना हातचा ठेवा. २४४० मध्ये ६१० चे चार तुकडे कागदावर बसतात, मशीनवर नाही. कड साफ करण्यात आणि कटरच्या जाडीत काही एमएम जातातच. कोटेशन देताना शीट कमी धरलात तर तो एक जादा शीट तुमच्या नफ्यातून जातो.

फाइलच्या नावात तारीख टाका. 'फायनल', 'फायनल २', 'नवीन फायनल' यातली कुठली कापायची हे ऑपरेटरला कसं कळणार? सोबत एक्सेलमध्ये फळ्यांची यादी द्या : नाव, माप, नग, कुठल्या कडांना पट्टी. यादी आणि ड्रॉइंग जुळलं नाही तर चांगला शॉप फोन करतो.

पूर्ण किचन एकदम टाकू नका. आधी एकच बॉक्स कापून घ्या, त्याच मालात. तिथेच स्क्रू न मारता जोडून बघा, रुंदी मोजा, दोन्ही कर्ण मोजा, शटर लावून बघा. जुळलं की मग उरलेल्या शीटला हो म्हणा.