चांपानेरला निघण्याआधी

एखाद्या रविवारी मैत्रिणींबरोबर चांपानेरला जाऊन येणार म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेली बाहेरगावची मुलं बहुतेक पावागडच्या रोपवेत बसतात, महाकालीचं दर्शन घेतात आणि संध्याकाळी बडोद्याला परततात. पायथ्याशी एक अख्खी राजधानी आहे, ती पाहायची राहून जाते. तुझी राहू नये म्हणून आत्याचं एवढं ऐक.

एका दिवसात एकच धर. गड आणि शहर दोन्ही करायला गेलीस, तर पाय दुखतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. पहिल्या खेपेला शहर पाहा. गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्यानं सुमारे वीस महिन्यांच्या वेढ्यानंतर 1484 मध्ये पावागड घेतला आणि खाली राजधानी वसवली. 1535 मध्ये हुमायूननं ती जिंकली. पुढे राजधानी पुन्हा अहमदाबादला गेली आणि चांपानेर ओस पडलं. त्याच्यावर दुसरं शहर चढलं नाही, म्हणून मुघलांच्या आधीचं गुजरातचं नगर कसं होतं ते तिथे आजही कळतं. 2004 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं, त्यामागे हे मोठं कारण होतं.

थंडीचे दिवस निवड, नवरात्र टाळ. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत देवीच्या दर्शनाला अलोट गर्दी होते, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात डोंगर सुरेख दिसतो, पण दगडांवर शेवाळ असतं. तेव्हा गेलीस तर चपला नकोत, पकड असलेले बूट घाल.

सकाळची पहिली बस गाठ. अंतर सुमारे 50 किलोमीटर. स्टेशनजवळच्या एसटी डेपोतून पावागडची बस मिळते. ती चुकली तर हालोलला जा आणि तिथून पुढचं वाहन धर. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून घे. सुटे पैसे जवळ ठेव. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी घे. सेव-उसळ परत आल्यावर खा. सकाळी तिखट खाल्लंस तर उन्हात तहान आवरणार नाही. आणि तिकीट फेकू नकोस, पुढच्या वास्तूत पुन्हा दाखवावं लागतं.

जामी मशीद सकाळीच पाहा. तिचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे कोवळं ऊन थेट दर्शनी भिंतीवर आणि 30 मीटर उंच मिनारांवर पडतं. कोरीवकाम तेव्हा उठून दिसतं; दुपारी ते सपाट वाटतं. आत गेलीस की मधल्या घुमटाखाली उभी राहून मान वर कर. गुजरातेत देवळं घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा तिथल्या दगडात आहे. मूर्ती नाहीत, पण वेलबुट्टी, कमळं आणि खांबांची घडण ओळखीची वाटेल. फोटोआधी एक खांब वहीत काढ. हातानं काढलेलं डोळ्यांना नीट कळतं.

मग पाण्याच्या मागे जा. माझा खरा कानमंत्र हाच. तुमच्या कमाटीबागेजवळून वाहणारी विश्वामित्री पावागडातूनच निघते, पण चांपानेरची तहान भागवली ती अडवून ठेवलेल्या पावसानं. गडावरचं पाणी तळ्यांत, टाक्यांत, विहिरींत कसं साठवलं ते शोधत फिर. मशिदीशेजारचा अष्टकोनी हौज पाहा. अमीर मंझिलमध्ये घर, बाग आणि पाण्याचे पाट दिसतील. ते तुझ्याच विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं, रमणलाल मेहता यांच्या देखरेखीखाली उत्खनन करून उजेडात आणलं. रिक्षा करून वडा तलावावर जा. गोल वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, जमलं तर पाहा. तिचा अरुंद जिना भिंतीला लागून वळसे घेत उतरतो, म्हणून वरूनच पाहा, खाली उतरू नकोस. पाण्याचा माग धरलास की माणसं कुठे राहत होती, काय करत होती, ते आपोआप उलगडतं. नुसती इमारतींची यादी उरकलीस तर दगड पाहून येशील.

झाडीतल्या मशिदींकडे एकटी जाऊ नकोस. नगिना आणि केवडा या दोन्ही चुकवू नयेत अशा. नगिनाशेजारच्या कबरीच्या वास्तूवरची पानाफुलांची नक्षी जवळून पाहा, हात मात्र लावू नकोस. वाट बाभळीच्या काट्यांतून जाते, तेव्हा पूर्ण पाय झाकणारे कपडे घाल, दोघीतिघी मिळून जा आणि ऊन उतरायच्या आत परत फिर. खायची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नकोस, माकडं ओढून नेतात.

त्याच रात्री लिहून काढ. कुठली वास्तू कुठे, पाणी कुठून कुठे गेलं, याचा एक कच्चा नकाशा काढ. दोन दिवसांनी सगळ्या कमानी सारख्या वाटू लागतात. नकाशात जिथे अडशील, तेवढे प्रश्न घेऊन पुरातत्त्व विभागात जा. पाहून आलेल्या मुलीनं विचारलं की शिकवणाऱ्यालाही सांगायला हुरूप येतो.

गड पुढच्या खेपेला ठेव. माचीपर्यंत जीपनं जा, तिथून पायऱ्या चढ आणि लकुलीशाचं जुनं देऊळ पाहा. ते सलतनतीच्या कितीतरी आधीचं आहे. 1727 मध्ये मराठा सरदार कदम बांड्यांच्या कृष्णाजीनं चांपानेर घेतलं आणि पुढे गड शिंद्यांकडे गेला, हा आपल्या माणसांचा भागही तिथेच कळेल. तेव्हा मला सांग, मीही येईन.