वाढत्या अंगाचा गणवेश

मे संपत आला की विचुंब्यात घरोघरी तोच हिशेब सुरू होतो. फी, वह्या, रेनकोट, आणि मग गणवेश. दोन जोड रोजचे, एक पीटीचा. शाळेनं सांगितलेल्या दुकानात रांग लावायची आणि दुकानदार म्हणेल ते पैसे द्यायचे. तसंच कापड पनवेलच्या बाजारात स्वस्त मिळतं, पण त्यावर शाळेचा बिल्ला नसतो.

मग आपण सगळेच ‘वाढत्या अंगाचा’ घेतो. दोन वर्षं निघतील म्हणून आपण खूश, आणि पोरगं जिन्यात पँट पायात येऊन धडपडतं. मुलींची ओढणी स्कूटीच्या चाकात जायची धास्ती वेगळीच. त्यापेक्षा मापाचाच घ्या आणि शिंप्याकडून पँटला आतून तीन बोटं दुमड ठेवून घ्या. उंची वाढली की उसवायची.

मापासाठी मूल समोर लागतं, हे सरकारलाही कळलं. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना आली, गणवेशाचं काम शाळांकडून राज्य पातळीवर गेलं. कित्येक ठिकाणी कपडे उशिरा आले, आले ते मापात बसेनात. पुढच्या वर्षीपासून काम परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं.

कापडाचं उत्तर मात्र सोपं नाही. सुती अंगाला बरं, पण आपल्याकडच्या जुलैत ते वाळता वाळत नाही. सकाळी दमट शर्टावर इस्त्री फिरवणारे आपणच! म्हणून पॉलिस्टर घेतो, आणि उकाड्यात मानेवर, इलॅस्टिकखाली लाल चट्टे उठतात. मुलं सांगत नाहीत, नुसती चिडचिड करतात. आपल्याला वाटतं, अभ्यासाचा कंटाळा. निदान शर्ट तरी सुती जास्त असलेला बघा, आणि नवा कपडा धुऊनच घाला. ‘डाग धरत नाही’ याला भुलू नका. २०२२ मध्ये अमेरिका-कॅनडात तपासलेल्या अशा गणवेशांत पीएफएएस ही चिवट, घातक रसायनं सापडली होती.

धाकट्याला दादाचा शर्ट देताना ‘चांगला तर आहे’ म्हणतो आपण. चांगला असतोच. पण कॉलरचा उडालेला रंग वर्गात त्याला एकट्यालाच दिसत नसतो. शर्ट दादाचा, तर बूट-मोजे तरी त्याच्या पसंतीचे नवे असू देत.

आणि ते दुकान? ठरावीक दुकानाची सक्ती शाळेनं करू नये, असा राज्याचा शासन निर्णय २००४ पासून आहे. तरी आपण गप्प, कारण आपल्याच लेकराकडे उद्या कोणी वाकडं बघायला नको. म्हणून एकट्यानं बोलूच नका. जूनच्या पालकसभेत चौघं-पाचजण मिळून एवढंच मागा: बिल्ला सुटा द्या, कपडे आम्ही शिवून घेतो.